जसोंडीचा डावा पाय

मी एक जुना पाय आहे. दगडाचा, डावा. घोट्याच्या वर माझं काहीच नाही, म्हणून हसू नका मित्रांनो. हसणारे पुष्कळ येऊन गेले.

पूर्वी मी एका देवीचा होतो. तापीकाठच्या काळ्या दगडातून कुणा पाथरवटाने आम्हाला घडवलं: मी, शेजारी उजवा आणि वर ती. किती शतकं झाली ते मला ठाऊक नाही. पायांना वर्षं कळत नाहीत, कपाळं कळतात. जसोंडी गावच्या कितीतरी सुना माझ्यावर कपाळ टेकता टेकता म्हाताऱ्या झाल्या.

मग बऱ्हाणपुराकडे आगगाडीचा रस्ता पडू लागला आणि एक साहेब आला. त्याला ती आवडली. आवडली की न्यायची, एवढी त्याची साधी रीत. पण आम्ही खालच्या खडकातच कोरलेले, निघता निघेनात. तेव्हा त्याने घोट्यांवर करवत चालवायला लावली. ती बैलगाडीत आडवी निजून गेली. आम्ही दोघे उभेच राहिलो.

गावाने रडून घेतलं आणि उरलेल्या पायांना शेंदूर लावला. आमचं नाव पडलं पायमाय.

आमची एक गोष्ट फक्त भागाबाईला कळली. ती रोज आम्हाला धुवायला यायची. भर वैशाखात, जमीन पोळत असताना, तिचा हात आम्हाला लागला आणि ती दचकली. आम्ही गारठलेले होतो. अंगठ्यांवर मिठासारखा पांढरा थर होता, बोट लावलं की त्याचं पाणी होई. दूरदेशी जिथे देवी उभी होती तिथली थंडी आमच्यात उतरत होती. दुसरी कुणी पळाली असती. भागाबाई घरी गेली आणि ओवा घालून कोमट केलेलं तेल घेऊन आली.

"कुठं ठिवलं व माय तुले?" चोळता चोळता ती म्हणाली. "पोटऱ्या पार गार पडल्या."

पोटऱ्या आम्हाला नव्हत्याच. पण चोळणाऱ्याला कशाला दुरुस्त करावं?

देवीचा चेहरा भागाबाईने लहानपणी पाहिला होता. पाहिलेली बाकीची माणसं एकेक करून गेली. आता तिला एकच घोर होता. "ती वापस आली तर तोंड पाहून वयखनार कोन? मीच ना? तवर मले मराची फुरसत नाही," असं ती सांगे, आणि गाव हसे. ती हसत नसे.

मग बऱ्हाणपूरच्या कचेरीतून दत्तात्रय कारकून आला. देवी विलायतेच्या अजायबघरात आहे, असं त्याने चौथऱ्यापाशी सगळ्यांना सांगितलं. "फार मान आहे तिला. फक्त पाय नाहीत, म्हणून अपुरी दिसते. साहेबलोक पाय मागताहेत."

यादव पाटील ताडकन उठले. "म्हैस नेली, आता दावं मागाले आले का?"

"पाटील, मोठा भाग तिकडे आहे. म्हणजे मूर्ती तिकडचीच झाली."

"अस्सं! चोरानं मोठं गठुडं नेलं, म्हनून घर त्याचं?"

कारकुनाने घाम पुसला. "तुम्ही इथे उन्हापावसात काय जपता या पायांना? तिथे काचेचं घर आहे, पहारा आहे."

"पहारा कैद्यालेबी असतो, भाऊ," भागाबाई म्हणाली. मग ती पाटलांकडे वळली. "पन पाय देऊन टाका."

"येडी झाली का भागामाय?"

"इतके दिवस तिची वाट पाहून राहिलो, पाटील. येईन कशी? पाय तं आपनच धरून बसलो!"

वारा नव्हता, तरी चौथऱ्यामागच्या पिंपळाची पानं सळसळली. पाटलांनी मान खाली घातली. शेवटी ठरलं, कौल लावायचा. भागाबाईने ओल्या शेंदरात ज्वारीचे दोन दाणे बुडवून आमच्या अंगठ्यांवर चिकटवले. उजवा पडला तर पाय द्यायचे, डावा पडला तर ठेवायचे.

मित्रांनो, खरं सांगतो, कौल दगडाच्या हातात नसतो. मला तिच्याकडे जायचं होतं, आणि भागाबाईला सोडायचं नव्हतं. तेवढ्यात दूर कुठेतरी देवीला कुणीतरी उचललं असावं. घोट्यातून एक कंप खाली आला, आणि दोन्ही दाणे एकदमच पडले.

पाटलांनी वाकून दोन्ही दाणे उचलले.

"एक नेऊ द्या, एक ठेवा," पाटील म्हणाले.

"एक पाय?" कारकून रडकुंडीला आला. "साहेबाला सांगू काय?"

"सांगा, दुसरा न्याले तिलेच धाडा."

खालचा खडक थोडा थोडा तासून उजव्याला छिन्नीने सोडवलं. भागाबाईने त्याला सरकीच्या कापसात निजवलं, वरून आपल्या लुगड्याचा पदर फाडून गुंडाळला. गाडी गेल्यावर ती माझ्यापाशी बसली. "रडू नको रे," मला म्हणाली. "चालाले एक पाय उचला लागते, एक टेकलेला लागते. ती निघाली समज."

त्यानंतर माझी थंडी गेली. कधी तळव्याखाली खारं पाणी लागायचं, कधी तापलेली वाळू. भागाबाई मला पुसायची आणि फडक्याला वाळूचे कण लागायचे. तापीची वाळू तिने जन्मभर पाहिली होती, ही तसली नव्हती. तेव्हापासून ती पोरांना चौथऱ्यावर चढू देईना.

आणि हल्ली माझ्यावर भार येऊ लागला आहे. आधी पाखरू बसावं तेवढा, मग पाण्याच्या घागरीएवढा. परवा टाचेखालचा खडक चिरला. माझ्या वर काहीच नाही, फक्त ऊन. पण दुपारी माझ्याभोवती एक सावली पडते, आणि ती पिंपळाची नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. मूर्ती कुणाची, मोठा भाग कुणाचा, ते भांडण मोठ्यांना करू द्या. तुम्ही माझ्यासमोरच्या वाटेत काटे टाकू नका, गाडी सोडू नका. आणि एखाद्या दुपारी माझ्यावर कुणी उभं दिसलं, तर ओरडू नका, दगड मारू नका. धावत भागाबाईच्या घरी जा. तिला आता नीट चालवत नाही, डोळ्यांनाही कमी दिसतं. हाताला धरून आणा तिला, जवळ आणा, अगदी त्या चेहऱ्याजवळ.

पण लवकर आणा.