दहा लाख एक

सोनमच्या उत्तरावरची लाल फुली पाहून भुवनेश्वरी मॅडमचं डोकंच उठलं. शुक्रवार पेठेतल्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवत होत्या त्या, पण असली फुली पाहिली नव्हती.

गणिताच्या निवड परीक्षेतला प्रश्न साधा होता : १०००००१ ही मूळ संख्या आहे का? उत्तरसूची म्हणत होती, आहे. सोनमनं लिहिलं होतं, नाही. १०१ गुणिले ९९०१. त्या दोन गुणांनी तिची जिल्ह्याच्या गणित संघातली जागा हुकली होती.

"कसं काढलंस गं?" मॅडमनी विचारलं.

सोनम माळशिरसकडच्या मेंढपाळाची पोर, शिकायला आत्याकडं राहिलेली. म्हणाली, "दोननं भागलं, तीननं भागलं, पाचनं... सत्त्याण्णवपातूर सगळ्या मूळ संख्या झाल्या, भाग जाईना. मग एकशे एकनं गेला की."

म्हणजे पंचवीसदा हात हलवत परत आली आणि सव्विसाव्यांदाही पोरगी बसली भागायला! मॅडम तडक परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात गेल्या.

तिथल्या अनिलकुमारनं मान वर न करताच सांगितलं, "उत्तरसूची तीन तज्ज्ञांनी तपासलीय, मॅडम."

"मग चौथे तुम्ही व्हा. काढा मोबाईल, करा गुणाकार."

त्यानं केला. पुन्हा केला.

"येतंय खरं," तो म्हणाला. "पण आक्षेपाला पुरावा लागतो. पुस्तकाचं पान जोडा, साक्षांकित करून."

"अहो, गुणाकार हाच पुरावा!"

"फॉर्ममध्ये गुणाकाराला रकाना नाही, मॅडम."

मॅडमना हसावं की टेबलावरचा पेपरवेट फेकावा, कळेना. त्यांनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत गुणाकार मांडला, खाली शाळेचा शिक्का मारून आणला आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. पुढं तीन आठवडे रोज फोन. रोज एकच उत्तर, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

शेवटी सूचना लागली : 'तांत्रिक कारणास्तव प्रश्न रद्द. सर्वांना पूर्ण गुण.' त्यामुळं सोनम आणि निवड झालेला मुलगा बरोबरीत आले. बरोबरी झाली तर वयानं मोठा तो पुढं, असा नियम. सोनम अकरा दिवसांनी मोठी निघाली.

स्टाफरूममध्ये पेढे आले. मॅडमनी हातही लावला नाही.

"अकरा दिवस आधी जन्मली म्हणून निवड? आणि ती संख्या मूळ नाही, हे कुठं लिहिलंय यात?"

"मॅडम, झाली की निवड," सोनम चाचरत म्हणाली.

"तुझी झाली गं. पुढच्या वर्षी दुसऱ्या पोराला तीच फुली मारतील!"

पेढ्यांचा बॉक्स बाजूला सारून त्यांनी नवा अर्ज लिहायला घेतला. विषय : उत्तरसूची दुरुस्त करणेबाबत.