अळूतली सुकट

पद्मिनीने पहिला घास तोंडात घातला आणि श्रीरंग खुर्ची ओढता ओढता थबकला.

"अहो, अळू!" ती म्हणाली. "नारळाच्या दुधातलं. अगदी आपलं."

सनीव्हेलहून लॉस एंजेलिसच्या फिलिपिनो वस्तीत दोन दिवस फक्त खायला यायचं, ही कल्पना श्रीरंगचीच. सकाळ झकास गेली होती. केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा केक झाला, साखरेत तळलेले केळ्याचे रोल झाले, जांभळ्या कंदाचं आइस्क्रीमही झालं. दुपारी मात्र तो गाडी पार्क करेपर्यंत पद्मिनीने खानावळीत काचेमागच्या हिरव्या भाजीकडे बोट दाखवून ताट वाढून घेतलं होतं.

त्या भाजीत सुकट असते, वाळवलेली बारीक कोळंबी, हे श्रीरंगला पक्कं ठाऊक होतं. कसं ठाऊक, हे बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. ऑफिसात वर्षानुवर्षं तो आपली पोळीभाजी फिलिपिनो रोमेलपुढे सरकवायचा आणि रोमेलचा मासळीचा डबा फस्त करायचा. घरी येताना गाडीत मूठभर बडीशेप. घरात आई होती. तिच्या स्वयंपाकघरात लसूणसुद्धा दबकत यायचा. पद्मिनी मूळची वेंगुर्ल्याची, माशांवर वाढलेली. लग्न ठरताना सासूने मासे सोडायची अट घातली, ती तिने पाळली. गेल्या वर्षी आई गेली, तरी पाळतच होती. व्रत बायकोचं आणि पारणं नवऱ्याचं, असा हा संसार.

आता सांगावं तर आपलं बिंग फुटणार. गप्प बसावं तर तिचं व्रत आपल्या डोळ्यांदेखत मोडणार. दुसरा घास वर गेला तसा तो ओरडलाच.

"पद्मा, थांब! सुकट आहे त्यात!"

पद्मिनीने घास सावकाश चावला, गिळला.

"पहिल्याच घासाला कळलं मला. तुम्हाला कसं कळलं, ते सांगा."

"ते... रोमेल एकदा..."

"एकदा! बडीशेपेने वास जातो, असं कुणी सांगितलं हो तुम्हाला? तुमचे शर्ट मशीनला कोण लावतं?"

श्रीरंगने कपाळावर हात मारला; पण छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्याला हसूच फुटलं.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"आईंच्या देखत? त्यांना लागलं असतं. आणि शब्द मी दिला होता, तुम्ही कुठे दिला होता?"

"अगं, पण आई जाऊन वर्ष झालं. मग अजून का..."

"तुम्ही विचारायची वाट बघत होते."

त्याचं हसू थांबलं. पद्मिनीनेच मग काउंटरकडे मान उडवली. "तो अख्खा तळलेला मासा दिसतोय ना, तो आणा. दोन आणा. मी माझ्यातला देणार नाही."

मासे आले. इतक्या वर्षांचा चोरटा खवय्या, पण श्रीरंगच्या ताटात काट्यांचा नुसता चिवडा झाला. पद्मिनीची बोटं कालच मासा खाल्ल्यासारखी चालत होती. शेवटी तिने काटा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, कंगव्यासारखा स्वच्छ.

श्रीरंग त्या काट्याकडे बघत राहिला. मग त्याने आपलं ताट हळूच तिच्यापुढे सरकवलं.