आढ्याला बारा खांदे

मंडळी, देवाच्या कामाला आपल्या गावात माणसं कधी कमी पडत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात अकोले तालुक्यातल्या डोंगराखालच्या त्या गावातही पडली नाहीत. मारुतीच्या सभामंडपाला सागाचं सोळा फुटी आढं हवं होतं. ते वरच्या जंगलात चोरून तोडूनही झालं होतं. आता ते आणायचं कसं, एवढाच घोळ. वाटेत जंगलखात्याचा नाका, आणि पास कुणाच्या बापाकडं नाही!

"आमच्या टायमाला बरं हुतं," म्हातारे कारभारी म्हणाले. "प्रवरेला पूर आला की ओंडका द्यायचा सोडून. खाली पव्हणारे गडी वढून काढायचे. नदी काय पास मागत न्हवती."

"मग आताबी सोडा की! दुष्काळानं नदी आटलीय, वाळूतनं ढकलत न्या संगमनेरपतुर!" एक पोरगं म्हणालं.

सगळे हसले. कमिटीचा म्होरक्या रंभाजी तेवढा हसला नाही. त्याला युक्ती सुचली होती. ट्रक अडवतात, गाडी अडवतात. मयत कोण अडवतंय?

झालं! दुसऱ्या दिवशी आढं तिरडीला बांधलं. वर पांढरं कापड, गुलाल. फुलं दुष्काळानं खाल्लेली, म्हणून कण्हेरीवर भागवलं. बारा गड्यांनी खांदा दिला. पुढं मडकं धरून रंभाजी, मागं टाळ. चाळीस माणसं राम राम घोकत निघाली. रंभाजीला तर वाटेत खरंच रडू फुटलं. गडी कामात कसूर करणारा नव्हताच.

नाक्यावरच्या गार्डानं टोपी काढली. मग त्याची नजर लांबीवर गेली.

"लई उंच हुते का वो?"

"पैलवान हुते," रंभाजीनं हुंदका दिला. "चुलते माझे."

गार्ड भला माणूस. तेवढंच पुण्य म्हणून त्यानं खांदा लावला आणि जागच्या जागी गुडघ्यात वाकला.

"आयला! मानूस हाय का डोंगर?"

"पापं लई केल्ती," मागून एकजण म्हणाला.

नाक्याशेजारीच दुष्काळी कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यातली एक हातोडा टाकून पाया पडायला आली. तिला बघताच रंभाजी रडायचा थांबला. ती लंकाबाई होती, बौद्धवाड्यातली. आठ दिवसांपूर्वी हेच आढं उतारावरून घसरलं, आणि मजुरीवर आणलेला तिचा नवरा भिमाजी त्याच्याखाली सापडून मेला होता.

लंकाबाई वाकली. पायाकडचं कापड सरकलेलं, खाली सागाची साल. तिनं एक हाक मारली असती, तर सगळं गाव आत!

तिनं कापड नीट ओढून घेतलं.

"झाका की, रंभाजीभाऊ," ती हळूच म्हणाली. "माझ्या मानसाला तुमी एवढं झाकलं न्हवतं."

"बाई, देवाचं काम हाय. बोलू नगा."

"म्या कशाला बोलू? त्याला डोंगरावरनं आनाया तिघंच हुते. चवथा खांदा म्या दिला, बाईमानसानं! तुमाला म्हनले, भाऊ, एक खांदा द्या. काय म्हनला तुमी?"

रंभाजीला आठवत होतं. 'आमच्यात रीत न्हाई,' असं म्हणून तो पाठ फिरवून घरी गेला होता.

"मेला त्याला एक खांदा न्हाई, आन ज्यानं मारलं त्याला बारा! वर चुलता म्हनून रडताय! आन लाकडाचा इटाळ न्हाई व्हय? त्याचं रगात लागलंय त्याला. जित्या मानसाला देवळाची पायरी चढू दिली न्हाई, आन आता त्याचं रगात देवाच्या डोक्यावर चढवताय!"

"काय भानगड हाय?" गार्ड जवळ आला. "बाई, कोन मेलं?"

रंभाजीनं मडकं रस्त्यावर आपटलं.

"भिमाजी मेला, साहेब! आमच्या कामावर मेला! हे लाकूड हाय, चोरीचं! लिवून घ्या माझं नाव!"

बारा खांदे एका दमात निसटले. आढं धाडकन खाली आलं. गार्डाचा बूट बोटभर अंतरानं वाचला. आणि ती चाळीस माणसं? टाळ टाकून अशी पळाली, जणू मयतच उठून मागं लागलंय!

आढं जप्त झालं. गावानं रंभाजीला देवद्रोही ठरवून कमिटीतून काढलं. तो भिमाजीच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तर लंकाबाई त्याला बसाही म्हणाली नाही.

"आता आला व्हय, भाऊ? आता खांद्यावर घ्याया काय ऱ्हायलंय?"

मंडळी, देवळाला आढं आज ना उद्या मिळेल, पासही मिळेल. पण मेलेल्याला उशिरा दिलेला खांदा पोचत नाही. म्हणून सांगतो, माणूस जिता आहे तोवरच त्याला माणूस म्हणा!