उंदराचा हलणारा साचा

मित्रांनो, मी पेणचा एक जुना रबरी साचा आहे. गणपतीच्या पायाशी बसणारा उंदीर माझ्यातून निघतो. म्हणजे, निघायचा.

मला घडवलं मूर्तिकार गुणाजींनी. रबरी साच्याला बाहेरून प्लास्टरचं कडक कवच घालून गप्प बसवतात, मगच मूर्ती ओततात. मला ते गप्प बसणं कधी मानवलंच नाही. कवच जुनं होऊन फुटलं, तशी माझी चुळबुळ चव्हाट्यावर आली. एक उंदीर फुगलेला, तर दुसरा थेट गणपतीकडेच पाठ फिरवलेला. वडखळच्या गिऱ्हाइकाने शांतपणे विचारलं, "गुणाजी, हा उंदीर हाय का घूस?" त्याच दिवशी माझी रवानगी माळ्यावर झाली.

तिथून मला खाली काढलं गुणाजींच्या मुलीने, प्रतिक्षाने. ती रोह्याच्या कॉलेजात प्रथिनांचा अभ्यास करायची. प्रथिनं म्हणजे आपल्या शरीरातली राबणारी मंडळी. औषधाचा इवलासा रेणू त्यांच्या खाचेत शिरला, की त्यांचा आकार बदलतो आणि आकाराबरोबर कामही. हे कसं घडतं, ते ती संगणकावर मांडत होती. पुढच्या संशोधनासाठी जागा एकच होती, आणि पडद्यावरची ती रंगीत गुंतवळ बघून निवड करणाऱ्या साहेबांना जांभया येत. तिला हातात धरून दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं.

तिने एक गोटी माझ्या तोंडाशी धरून दाबली. तोंड फाकलं, गोटी आत गेली, पोट तिच्याभोवती आवळलं आणि पार दुसऱ्या टोकाला माझी शेपटी ताठ झाली.

"बाबा, हाच पायजे मला! गोटी बसली इथं नि हललं तिकडं!"

गुणाजींचा चेहरा उतरला. "अगो, हलणारा साचा सायबांफुडं नेतेस? पेणची अब्रू जाईल."

बापाचं मन ते. लेकीची पाठ वळताच त्यांनी मला नवंकोरं कवच चढवलं, सोनेरी रंग दिला आणि वर दोन सुरेख डोळेही आखले. डोळ्यांशिवाय त्यांच्या कारखान्यातून काही बाहेर पडत नाही.

निवडीच्या दिवशी प्रतिक्षाने साहेबांसमोर पिशवी उघडली आणि मी डोळे वटारून बाहेर आलो. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिने गोटी दाबली. मी आतून जीव तोडून धडपडलो, पण कवच दाद देईना. गोटी घरंगळत टेबलाखाली गेली.

"बसत नाही वाटतं," एक साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

मागच्या बाकावर गुणाजी बसले होते. प्रतिक्षा टेबलापासूनच त्यांना म्हणाली, "बाबा, हे काय केलंत?"

"घट्ट केलं गो. आता बिलकूल हलत नाय."

"म्हणूनच तर..." ती थांबली. साहेबांकडे वळली. "बघितलंत सर? प्रथिन असं घट्ट असतं, तर औषध बाहेरच राहिलं असतं."

आणि तिने मला टेबलावर आपटलं! कवचाची दोन शकलं झाली, प्रत्येकाला एकेक डोळा. मी थरथरत मोकळा झालो. तिने टेबलाखालची गोटी उचलून दाबली, ती आत शिरली, शेपटी उभी राहिली.

"अगो, हलतंय ते!" मागून गुणाजी कळवळले.

"हलू दे, बाबा!"

घड्याळवाल्या साहेबांनी मला मागून घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही. जागा प्रतिक्षाला मिळाली.

ती शिकायला दूर गेली. कॉलेजाने माझा सत्कार केला. म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलं, 'हात लावू नये' अशी पाटी लावली, आणि मी हलू नये म्हणून ती दोन्ही शकलं चिकटवून मला पुन्हा कवचात घातलं. एक डोळा जरा वर बसलाय.

मित्रांनो, न हाताळलेलं रबर कडक होतं, मग तडकतं. रोह्याला आलात तर पाटीकडे काणाडोळा करा, कवच काढा आणि मला जरा दाबा. पोरगी सुट्टीला येईल, तेव्हा तिची गोटी माझ्यात बसायला हवी.