कुसाबाईंनी दिलेले गुण

हर्षाली काकड नाशिकच्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. विधानसभेतल्या भाषणांत विरोधकांबद्दल किती वैर भरलंय, ते मोजणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. शून्य म्हणजे वैर नाही, दहा म्हणजे टोकाचं. तो नीट मोजतो का हे पडताळायला तीच भाषणं तीन माणसांनी वाचून गुण द्यायचे होते. दोन प्राध्यापक मिळाले, तिसरं कुणी मिळेना. मग तिने आत्याला गळ घातली.

कुसाबाई आत्या सातवी शिकलेली, माहेरीच राहिलेली. मखमलाबादच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर ती तीस वर्षं बाजारात बसून विकत होती. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की चष्मा लावून भाषण वाचायची आणि पेन्सिलीने गुण टाकायची.

दोन भाषणांना तिने दिलेले गुण प्रोग्रामच्या आणि प्राध्यापकांच्या अगदी उलट निघाले.

"त्यांना कळलं नसेल. वगळा ते," मार्गदर्शक सर म्हणाले.

हर्षालीला ते पटेना. कागद घेऊन ती बाजारात गेली.

"आत्या, हा माणूस ओरडतोय, 'झोपला होतात काय' म्हणतोय. तू दोनच गुण दिलेस?"

"आगं, त्याच्या गावाला पाणी नाय. राग कालव्याचा हाय, माणसाचा नाय."

"आणि यात तर नुसतं कौतुक आहे. 'सन्माननीय सदस्यांचा अनुभव मोठा, तीन पक्षांत काम केलंय.' याला नऊ?"

"भर सभेत अब्रू काढली त्याची! लय गोड बोलून."

हर्षालीने पुढच्या दिवसांचं कामकाज काढून वाचलं. ओरडणाऱ्याने आणि त्याच्या विरोधकाने कालव्यासाठी एकत्र निवेदन दिलं होतं. कौतुक झालेला सदस्य मात्र सभात्याग करून गेला होता.

तिने ते सरांना दाखवलं. वाचून ते म्हणाले, "प्रोग्राम बदला. आणि त्यांना आणखी शंभर भाषणं द्या."

शोधनिबंध छापायला जाताना गुण देणाऱ्यांची नावं आणि व्यवसाय लिहायचे होते.

"तुझ्यापुढे काय लिहू? गृहिणी?" हर्षालीने विचारलं.

आत्याने मेथीच्या जुडीवर पाणी मारलं. "भाजीवाली लिही. न् नाव पुरं लिही."

हर्षालीने लिहिलं: कुसाबाई केरू काकड, भाजीविक्रेत्या. तीन नावांत ते तिने सगळ्यात वर घातलं.