आश्वासनाच्या चार कुप्या

सावरखेडीच्या सरकारी दवाखान्यातल्या कपाटात सापाच्या विषावरच्या लसीच्या चार कुप्या होत्या, आणि त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. कपाटाला कुलूप, कुलपाला सुतळी, सुतळीवर लाखेचं सील. किल्ली कंपाउंडर पंजाबरावांच्या कमरेच्या करगोट्याला. ते आंघोळीलाही ती सोडत नसावेत, असा नर्स इंदूबाई तायडेचा अंदाज होता. रोज सकाळी त्या कपाटासमोरून जाताना तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कुप्या आल्या त्याची हकिगत अशी. गेल्या पावसाळ्यात गावातल्या डोमाजी माळ्याच्या धाकट्या भावाला, शालिकरामला, वांग्याच्या वाफ्यात नाग चावला. त्याला दवाखान्यात आणलं, तेव्हा दवाखान्यात लस नव्हती. डॉक्टर तेल्हाऱ्याला राहायचे आणि सावरखेडीला फक्त मंगळवारी-शनिवारी यायचे. तो दिवस सोमवार होता. तेल्हारा नऊ मैल. चौथ्या मैलाशी गाडीतच शालिकराम गेला. डोमाजी रडत बसला नाही. तीनदा अकोल्याला आमदारांच्या घरी गेला, दोनदा ते भेटले नाहीत, तिसऱ्यांदा भेटले. अर्जावर त्यानं अंगठा उठवला आणि नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न लागला: सावरखेडीच्या दवाखान्यात सर्पदंशावरची लस नाही, हे खरे आहे काय?

उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे."

पेपरातलं ते उत्तर इंदूबाईनं दोनदा वाचलं. "अंशतः म्हंजे काय हो, पंजाबराव? शालिकराम अंशतः मेला का?" पंजाबरावांनी इकडे तिकडे पाहून पेपराची घडी घातली. पण त्याच उत्तरात मंत्र्यांनी भर सभागृहात सांगून टाकलं होतं की, लस लवकरच पुरवली जाईल. झालं! ते आश्वासन ठरलं. आणि सरकारनं सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली जातात की नाही हे बघायला आमदारांची एक समितीच असते, हे सावरखेडीला तेव्हा कळलं.

मे महिन्यात चार कुप्या आल्या. पाठोपाठ वरच्या कचेरीचं पत्र आलं. आश्वासनाच्या पूर्ततेची पाहणी समिती प्रत्यक्ष करणार असल्यानं सदर साठा पाहणी होईपर्यंत अबाधित ठेवावा.

"अबाधित म्हंजे?" इंदूबाईनं विचारलं.

"म्हंजे हात लावाचा नाही."

"आन कोनाले साप चावला तं?"

पंजाबरावांनी पत्र उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

माणूस वाईट नव्हता. तीन पोरींचा बाप. कधीतरी टिंक्चरच्या बाटल्यांचा हिशोब जुळला नाही म्हणून चार महिने घरी बसला होता, तेव्हापासून कागदाला साप समजायचा आणि सापाला कागद. टाचण्यांची डबी संपली तरी चार प्रतींत मागणी पाठवायचा. इंदूबाईनं स्वतःच्या सहीनं वर लिहून विचारलं, की अडीअडचणीला लस वापरावी की नाही. दीड महिन्यानं उत्तर आलं, "प्रकरण विचाराधीन आहे." दर महिन्याच्या पत्रकात मात्र ती न चुकता लिहायची: लस, शिल्लक चार. लिहिताना टाक असा दाबायची की खालच्या कागदावर उमटावं.

समितीची तारीख जूनमधली ठरली, रद्द झाली. जुलैची ठरली, पुढे गेली. प्रत्येक तारखेला दवाखान्याला चुना लागला. पेशंटांच्या चादरी धुऊन वाळत घालायच्या आणि समिती आली नाही की पुन्हा घड्या करून पेटीत ठेवायच्या, असा खेळ चालला. पेशंट आपले चटईवर. शेवटी ऑगस्टात तार आली. शुक्रवारी, सकाळी अकरा.

आणि गुरुवारी सकाळी आठच्या सुमाराला डोमाजीची बैलगाडी दवाखान्याच्या फाटकातून सरळ ओसरीपर्यंत आली.

गाडीत डोमाजीची बायको केशरबाई होती. वालाच्या शेंगा तोडायला वाकली आणि मनगटाच्या वर चावा बसला. दंडाला लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होती, पण पापण्या खाली येत होत्या.

"नाग व्हता, बाई. म्या सोता पायला," डोमाजी म्हणाला.

"बोलता येते का? नाव सांगा तुमचं," इंदूबाई म्हणाली. केशरबाईची जीभ जड झाली होती. नाव अर्धंच बाहेर आलं. चार वर्षांमागे हीच केशरबाई बाळंतपणात 'महाराच्या नर्सचा हात लागाले नोको' म्हणून रात्रभर अडून बसली होती आणि पहाटे इंदूबाईच्याच हातानं सुटली होती. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी इंदूबाईच्या दारात वांग्यांची टोपली येई. इंदूबाईला ते सगळं एका क्षणात आठवलं आणि तिला भयंकर राग आला. कोणाचा, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

"पंजाबराव, किल्ली द्या."

पंजाबराव ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. हात नकळत कमरेवर गेला होता. "बाई, उद्या अकरा वाजता समिती येऊन राहिली."

"मालूम हाय मले."

"उद्याचा एक दिवस, बाई. अकरा वाजता त्याईनं पायलं, की मी सोता सील तोडतो."

"हिच्यापाशी उद्याचा दिवस नाही."

"तं तेल्हाऱ्याले न्या ना! तिथं डॉक्टर हायेत."

"शालिकरामले बी तेल्हाऱ्यालेच नेत व्हतो," डोमाजी म्हणाला. तो आवाज चढवून बोलला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "पंजाबराव, ह्या शिशा कोनाच्या मौतीनं आल्या? अर्जावर अंगठा माहा हाय. माह्या भावाच्या जिवावर आलेलं औषध, आन माही बायको त्याच्यासमोर मरन काय?"

पंजाबराव पायरीवर बसले. "मले तीन पोरी हायेत, डोमाजी," एवढंच म्हणाले. किल्ली त्यांनी दिली नाही आणि हात जोडले.

इंदूबाईनं वाद घातला नाही. वाद घालायला वेळ नव्हता आणि तीन महिने वाद घालून ती थकली होती. ती आत गेली. टेबलावर पंजाबरावांचा औषधं कुटायचा पितळी खल होता, त्यातला बत्ता उचलला. पहिल्या घावाला लाख फुटली, दुसऱ्याला काही झालं नाही, तिसऱ्याला कुलपाची कडी निखळली. लाखेचे तुकडे चुना लावलेल्या भिंतीवर उडाले. अकोल्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी वाहणाऱ्या बापाची ती मुलगी. घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारं पहिलं माणूस तीच. ही नोकरी गेली तर काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ती मनातून घाबरली होती. पण कुपीतल्या भुकटीत पाणी मिसळताना हात चुकले नाहीत. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात शिकताना मेट्रन म्हणायच्या, घाबरायचं ते सुई टोचून झाल्यावर.

कातडीत थेंबभर टोचून पाहिलं, वाट पाहिली, मग शीर शोधून दोन कुप्या हळूहळू सोडल्या. दहा वाजता केशरबाईचा श्वास उथळ झाला, तशा उरलेल्या दोन्ही. चार म्हणजे चार. पत्रकातला आकडा शून्य झाला. पंजाबराव दारात उभे राहून प्रत्येक कुपी रिकामी होताना बघत होते आणि दर वेळी डोळे मिटत होते. तरी पाणी उकळून त्यांनीच आणून दिलं.

दुपारी तीनला केशरबाईनं डावी पापणी उचलली. मग उजवी. छताकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाली, "शेंगा वावरातच राहल्या." डोमाजी बाहेर गेला आणि बैलांच्या आड उभा राहून हुंदके देऊन रडला. इंदूबाई तिथंच स्टुलावर बसली. आता घाबरायला मोकळी होती, पण तिला नुसता आनंद झाला. पोटभर झाला.

शुक्रवारी समिती अकराला आली नाही, चारला आली. दोन मोटारी. अध्यक्ष म्हणजे पांढरी टोपी घातलेले वयस्कर आमदार. उन्हानं, खड्ड्यांनी आणि गावोगावच्या चहानं बेजार झालेले. बरोबर तीन सभासद आणि वरच्या कचेरीतले एक साहेब. साहेबांच्या हातात छापील तक्ता होता. साहेब सरळ कपाटाकडे गेले आणि उघड्या दाराकडे बघत राहिले.

"लस कुठं आहे?"

इंदूबाई पुढे झाली. "हिच्या अंगात आहे," तिनं खाटेकडे बोट दाखवलं. "काल सकाळी नाग चावला. चारही कुप्या दिल्या. कुलूप मी तोडलं."

"साठा अबाधित ठेवा म्हणून लेखी हुकूम होता!"

"होता."

"मग?"

"मग काय, साहेब? हिला अबाधित ठेवलं."

एक सभासद हसले आणि लगेच गंभीर झाले. अध्यक्ष खाटेजवळ गेले. केशरबाईला विचारलं, बरं वाटतं का? ती हो म्हणाली. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता. रकाना होता: पाहणीच्या दिवशी लस उपलब्ध आहे काय? होय की नाही?

तिथं चर्चा सुरू झाली. एक सभासद म्हणाले, लस पुरवली होती हे सिद्धच आहे, तेव्हा होय लिहावं. दुसरे म्हणाले, पुरवली होती पण आज नाही, म्हणजे नाही. साहेबांचं म्हणणं, नाही लिहिलं तर सभागृहात मंत्रिमहोदयांना खुलासा करावा लागेल, तेव्हा "अंशतः होय" असं लिहिता येईल. तो शब्द कानावर पडताच इंदूबाईनं डोक्याला हात लावला. अर्धा तास हे चाललं. खाटेवरची बाई पाणी मागत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी इंदूबाईनंच सगळ्यांच्या मधून वाट काढत तिला पाणी दिलं.

"साहेब," दारातून डोमाजी म्हणाला. सगळे वळले. "नाही म्हनून लिवा."

"तुम्ही कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी डोमाजी. शालिकरामचा भाऊ. तुमच्या प्रश्नातला." तो दोन पावलं आत आला. "मागच्या साली 'नाही' निंघालं म्हून चार शिशा आल्या. आता तुमी 'होय' लिवान तं कोन पाठवनार हाय? मोठ्या अक्षरात नाही लिवा. आजून चार येतीन. आन येक उपकार करा. आल्यावर त्या पाहाले येऊ नोका."

साहेब लाल झाले. अध्यक्षांनी टोपी काढून डोकं पुसलं, साहेबांच्या हातून तक्ता घेतला आणि स्वतःच्या पेनानं लिहिलं. नाही. मग सगळे चहा न घेता गेले.

इंदूबाईला महिनाभरात मेमो आला. सरकारी सील तोडले, शासकीय साठा परवानगीवाचून वापरला, कारणे दाखवा. तिनं एका ओळीत उत्तर दिलं: कारण सावरखेडीला राहतं, नाव केशरबाई, केव्हाही यावं. वार्षिक वेतनवाढ रोखल्याचं पत्र आलं, ते तिनं चुलीजवळच्या फळीवर ठेवलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. वाईट वाटलंच. कशाला नाही म्हणा?

डिसेंबरात लाकडी पेटी आली. चार कुप्या. पाठोपाठ पत्रही आलं, आणि पंजाबरावांनी ते नेहमीसारखं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. आश्वासनाची पूर्तता न झाल्यानं समिती फेरपाहणी करणार आहे. तोपर्यंत सदर साठा अबाधित ठेवावा.

इंदूबाईच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

पंजाबरावांनी पत्र फायलीला लावलं. कुप्या एकेक करून कपाटात मांडल्या, सोबत पाण्याच्या कुप्या, उकळून ठेवलेली सिरिंज. दार लावलं आणि नुसती कडी घातली.

"कुलूप, पंजाबराव?"

"कुलूप तुमीच तोडलं ना, बाई. नव्याची मागनी पाठवाची राहून गेली." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टाचण्यांच्या डबीसाठी चार प्रती काढणारा हा माणूस चार महिन्यांत कुलपाचा एक कागद लिहायला विसरला होता. "वर्षाअखेरीच्या यादीत टाकू म्हनतो. नाहीतं त्याच्या पुढच्या."

मग ते टेबलाशी बसले, खल पुढे ओढला आणि बाहेर खोळंबलेल्या पहिल्या पेशंटाला हाक मारली.