शेड नंबर चारचा माल

सरितानं कंपनीचा वार्षिक अहवाल तिसऱ्यांदा उघडला आणि पुन्हा त्याच पानावर अडकली.

"झालं का वाचून?" सासरे मोतीराम दारातूनच म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना दोन महिने झाले होते. हाती आलेल्या पैशातले तीन लाख त्यांना शेअरमध्ये घालायचे होते, तेही एकाच कंपनीच्या. शेंद्र्याला त्यांचा मुलगा प्रणय जिथं स्टोअरकीपर होता, तिच्या. "आपल्या पोराची कंपनी हाय. नफा बघ की, लई वाढलाय."

नफा वाढला होता, ते खरंच. सरिता बी.कॉम., सिडकोत एका कर सल्लागाराकडं कामाला. म्हणून बघायचं काम तिच्याकडं आलं होतं. दोन वर्षांत विक्री होती तेवढीच, नफा मात्र दीडपट. आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड? दोन्ही वर्षं उणे. मग हा नफा गेला कुठं? तिनं ताळेबंद पुन्हा वरपासून वाचला. मालाच्या साठ्याची एक ओळ होती. चौदा कोटींचा साठा एकतीस कोटींवर गेला होता.

साठा म्हणजे स्टोअर. स्टोअर म्हणजे प्रणय.

रविवार होता. प्रणय अंगणात गाडी धूत होता. ती मोबाईल घेऊन त्याच्याजवळ गेली.

"अहो, तुमच्याकडं माल एवढा वाढलाय का?"

"स्टोअरमध्ये माल असतोच."

"दुपटीनं?"

"सुट्टीच्या दिवशी पण कंपनीचंच बोलायचं का?" त्यानं फडकं बादलीत आपटलं आणि चपला घालून निघून गेला.

जेवायला परत आला. टीव्ही लावला, बंद केला, परत लावला. सरिताचंही कशात लक्ष लागेना. दोन भाकरी करपल्या. बाबांना नको म्हणावं तर कशावरून? घ्या म्हणावं, तर बत्तीस वर्षं गाड्यांखाली झोपून कमावलेले पैसे ते.

दुपारी ती भांडी घासत असताना प्रणय मागं येऊन उभा राहिला.

"शेड नंबर चार," तो हळू आवाजात म्हणाला. "जुन्या मॉडेलचे पार्ट आहेत. गिऱ्हाईकानं ते मॉडेलच बंद केलं. सगळ्यावर गंज चढलाय. साहेब म्हणतात, तोटा दिसायला नको, चालू मालात पूर्ण किमतीनं धर आणि सही कर."

"आणि तुम्ही करता?"

"केली." त्यानं मान वर केली नाही. "पुढच्या आठवड्यात परत मोजणी आहे."

संध्याकाळी तिनं मोतीरामांना समोर बसवून आकडे दाखवले. "बाबा, हा नफा कागदावर आहे. पैसा आलेलाच नाही."

"असं कसं? प्रणय, तू सांग."

"नका घेऊ, बाबा."

मोतीराम मुलाकडं बघत राहिले. "व्हय?" एवढंच म्हणाले. सोमवारी जाऊन त्यांनी पैसे पोस्टात टाकले.

मोजणीच्या दिवशी प्रणयनं शेड चारची यादी वेगळी केली आणि वर लिहिलं, 'न खपणारा माल'. साहेबांनी कागद वाचला, घडी केली, खिशात घातला. तिसऱ्या दिवशी प्रणयला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला.

शेअर मात्र चढतच राहिला. मोतीराम रोज चहाला भाव सांगायचे. "आज एकशे बेचाळीस. घेतले असते तर..." आणि वाक्य अर्धवट सोडायचे. सरिता कामावर दहा वेळा भाव बघायची. आपलंच चुकलं की काय, या विचारानं तिच्या टायपिंगमध्ये चुका व्हायला लागल्या.

नोव्हेंबरात सहामाहीचे आकडे आले. तिनं आधी नफा बघितलाच नाही. साठा: तेहतीस कोटी.

"तुमची यादी पुढं गेलीच नाही," ती म्हणाली. "मग सही केली कुणी?"

"कृष्णानं. माझ्या जागी घेतलेला. पैठणकडचा आहे, लग्न ठरलंय आत्ताच." प्रणयनं त्याला फोन लावला. एकदा, दोनदा. उचलला नाही. त्यानं गाडीची किल्ली घेतली.

"आता कुठं?"

"त्याच्या खोलीवर. चिकलठाण्याला राहतो," तो म्हणाला. "सही करू नको, असं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं."